घराचं नूतनीकरण: कोणतं काम कुणाकडे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामांची यादी तर आम्ही केली आहे. तरी गोंधळ का होतो?

कारण बहुतेक याद्यांत एका कामापुढे एकच नाव असतं: ‘बाथरूमच्या टाइल्स – गवंडी’. प्रत्यक्षात त्या एका ओळीत चार वेगळी कामं दडलेली असतात. टाइल ठरवायची कुणी, आणायची कुणी, बसवायची कुणी आणि नीट बसली की नाही हे बघायचं कुणी? गवंडी यातलं फक्त तिसरं काम करतो. उरलेली तीन कामं ‘कुणीतरी करेल’ या खात्यात जातात, आणि गवंडी कामावर हजर झाल्यावर कळतं की टाइल अजून ठरलेलीच नाही.

म्हणून यादीत कामापुढे हे रकाने ठेवा: ठरवणार, आणणार, करणार, तपासणार, आणि ‘कधीपर्यंत ठरलं पाहिजे’ याची तारीख. प्रत्येक रकान्यात एकच नाव हवं. ‘आई-बाबा’ किंवा ‘आम्ही दोघं’ असं लिहिलंत तर ते काम कुणाचंच नाही असं समजा. आणि करणारा व तपासणारा हे एकच माणूस कधीही नसावेत.

घरच्यांपैकी कंत्राटदाराशी कुणी बोलायचं?

एकानेच. घरात मतं पाच असू देत, वादही होऊ देत, पण कारागिराच्या कानावर निर्णय एकाच तोंडून गेला पाहिजे. सकाळी एकाने ‘कपाट भिंतीपर्यंत न्या’ म्हणायचं आणि दुपारी दुसऱ्याने ‘पडद्याला जागा सोडा’ म्हणायचं, असं झालं की सुतार शेवटी जे ऐकलं ते करतो. त्यात त्याची चूक नसते.

हा माणूस घरात सर्वांत मोठा किंवा सर्वांत हुशार असायची गरज नाही. दिवसा फोन उचलणारा आणि ठरलेलं लिहून ठेवणारा असला की पुरे. इतरांना कारागिराशी बोलायला बंदी नको, पण ‘हे असंच करा’ आणि ‘हे नको’ ही दोन वाक्यं त्या एकानेच बोलायची. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी मुकादमालाही सांगा: ‘बदल फक्त यांनी सांगितला तरच करायचा.’ चांगल्या मुकादमाला हे ऐकून हायसंच वाटतं.

सगळं काम एकाच कंत्राटदाराला द्यावं की गवंडी, प्लंबर, सुतार वेगवेगळे लावावेत?

प्रश्न पैशांपेक्षा वेळेचा आहे. वेगवेगळे कारागीर लावले की मुकादमाचं काम तुमच्या घरातल्या कुणालातरी करावं लागतं. कोण कधी येणार, त्याच्याआधी कोणाचं काम संपलेलं हवं, सामान पोचलं का, हे सगळं. दिवसातून निदान दोनदा जागेवर चक्कर मारू शकेल असा माणूस घरात असेल तरच हा मार्ग धरा.

एकच खोली रंगवायची किंवा फक्त कपाटं करायची असतील तर वेगळे कारागीर चालतात. बाथरूम किंवा स्वयंपाकघर मुळापासून करायचं असेल तर फोडकाम, नळकाम, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स ही चार कामं तरी एकाच माणसाच्या जबाबदारीवर द्या. चौघे वेगळे असले आणि वर्षभराने भिंतीला ओल आली, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि ओल तिथेच राहते.

दोन कारागिरांच्या मधली कामं म्हणजे कोणती? ती कुणाला द्यायची?

नूतनीकरणातले बहुतेक तंटे इथेच होतात. गवंड्याला गवंडीकाम येतं, प्लंबरला नळकाम येतं. पण दोघांच्या शिवेवर जे पडतं ते कोणाच्याच दरात धरलेलं नसतं. दर ठरवतानाच खालच्या प्रत्येक कामापुढे नाव घाला.

भिंतीतल्या खाचा: वायर आणि पाइपसाठी खाचा पाडणं हे साधारणपणे इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरचं काम. त्या बुजवणं मात्र दोघेही आपलं मानत नाहीत. गवंड्याकडे द्या, आणि बुजवताना खाचेवर जाळी ठोकून मग प्लास्टर करायचं असं लिहून घ्या. जाळी नसली तर काही महिन्यांत रंगावर नेमकी वायरच्या वाटेने रेघ उमटते. खाचेच्या खोलीवरही लक्ष हवं. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. १०० मिमीच्या भिंतीत आडवी खाच म्हणजे जेमतेम १६ मिमी, त्यामुळे पाइप आडवा नेण्याचा मोह टाळून वरून किंवा जमिनीतून न्यावा. कॉलम आणि बीमला खाच पाडायचीच नाही.

भिंतीतला डायव्हर्टर: म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणारा व्हॉल्व्ह. हा प्लंबर बसवतो, पण तो किती आत बसवायचा हे गवंड्याच्या प्लास्टरच्या आणि टाइलच्या जाडीवर ठरतं. जास्त आत गेला तर वरची तबकडी टाइलपर्यंत पोचत नाही, बाहेर राहिला तर भिंतीतून उचकल्यासारखा दिसतो. प्लंबर येण्याआधी टाइलचा एक नमुना आणि खुद्द डायव्हर्टर जागेवर हवा. खोलीची खूण गवंडी आणि प्लंबर या दोघांनी मिळून करावी. या कामात दोघांना एकाच वेळी बोलवायची ही एकच जागा, पण ती चुकवू नका.

वॉटरप्रूफिंगनंतरची भोकं: थर वाळून चाचणी झाल्यावर प्लंबर कमोडचे स्क्रू बसवण्यासाठी जमिनीत ड्रिल मारतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. त्या भोकांत सीलंट भरायची जबाबदारी प्लंबरवर, ती भरली का हे बघायची घरच्यांवर.

दारं: जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली की जमीन साधारण १२ ते १५ मिमी वर येते आणि दार घासतं. दार खालून तासणं सुताराचं काम, पण तोवर सुतार निघून गेलेला असतो. त्याच्या कामात हे आधीच धरा.

राडारोडा: याला वेगळा प्रश्नच द्यावा लागेल.

राडारोडा किती निघतो आणि तो कुणी उचलायचा?

अंदाजापेक्षा नेहमी जास्त. ३ मीटर बाय ४ मीटरच्या खोलीची फरशी तिच्या खालच्या मसाल्यासकट ५० मिमी जाडीची धरली, तर ०.६ घनमीटर माल झाला. फोडल्यावर तो सुटा होऊन सुमारे दीडपट जागा व्यापतो, आणि वजन जवळपास १.२ टन भरतं. पंचवीस-पंचवीस किलोची पोती भरली तर पन्नासच्या आसपास होतात. ही एका खोलीची गोष्ट.

‘फोडकाम’ या शब्दात पोती भरणं, खाली उतरवणं आणि गाडीने नेणं हे तिन्ही येतं का, ते विचारून लिहून घ्या. अनेकदा दर फक्त फोडण्याचा असतो. पोती खोलीच्या मधोमध थप्पी मारून ठेवू देऊ नका. एवढं वजन एका जागी स्लॅबवर नको. भिंतीकडेने पसरून ठेवा आणि रोजच्या रोज उतरवा. फोडकामाआधी नाहणीचं आणि सिंकचं तोंड चिंध्या कोंबून बंद करणं हे घरच्यांनी स्वतः करावं. पाइपात गेलेला सिमेंटचा चुरा नंतर काढणं महाकठीण.

सामान कुणी आणायचं?

ढोबळ नियम असा. जे डोळ्यांना दिसणार ते घरच्यांनी आणावं, जे भिंतीत किंवा जमिनीखाली जाणार ते कंत्राटदाराने, मात्र त्याचा प्रकार आणि दर्जा तुम्ही लिहून दिलेला असावा. टाइल, नळ, कमोड, स्विच, हँडल, रंगाची छटा तुमच्याकडे. सिमेंट, वाळू, पाइप, सांधे, टाइल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्ह त्याच्याकडे. पाइप तुम्ही आणलात आणि गळती झाली, तर ‘पाइपच हलका होता’ हे उत्तर तयार असतं.

टाइलचा हिशेब करून बघा. ३ × ४ मीटर म्हणजे १२ चौरस मीटर. ६०० × ६०० मिमीची एक टाइल ०.३६ चौरस मीटर, म्हणजे ३४ टाइल्स. कापण्या-फुटण्यासाठी १० टक्के जास्त धरल्या की ३७. खोक्यात चार येत असतील तर दहा खोकी घ्या. तिरक्या मांडणीत कापाकापी वाढते, तेव्हा १५ टक्के धरा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे सामान उतरवून घेतानाच बघायचं. नंतर आणलेल्या खोक्यातली टाइल छटेत किंचित वेगळी निघाली की ते भिंतीवर कायम दिसत राहतं.

रंगाचंही तसंच. खोलीचा घेर १४ मीटर, उंची २.८ मीटर, दार-खिडकी वजा करून साधारण ३५ चौरस मीटर भिंत. दोन हात म्हणजे ७०. एका लिटरात १० चौरस मीटर धरलं तर ७ लिटर. डब्यावर यापेक्षा जास्त क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत भिंतीचं.

सिमेंट लागेल तसं आणा. तीन महिन्यांहून जास्त पडून राहिलेल्या पोत्याची ताकद घटते, दमट जागी तर आणखी लवकर.

आणि बारीकसारीक? स्क्रू, सँडपेपर, टेप, कापडाच्या चिंध्या, टाइलचे स्पेसर, ड्रिलचे बिट. ‘साहेब, एक टेप कमी पडला’ म्हणून अर्धा दिवस जातो. हे सगळं कंत्राटदाराच्या दरात घाला.

कोणती कामं घरच्यांनी स्वतः करावीत?

खोल्या रिकाम्या करणं, सामानाच्या खोक्यांवर नावं घालणं, जुनं वॉलपेपर काढणं, फर्निचरवर प्लास्टिक टाकणं, प्लास्टरवर पाणी मारणं, रंगाच्या आधीची साफसफाई, सामान मोजून घेणं. हात बसला असेल तर आतल्या भिंतींचा रंगही.

यातलं पाणी मारणं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचं. नवं सिमेंटचं प्लास्टर निदान सात दिवस ओलं राहायला हवं. कारागीर गेल्यावर संध्याकाळी आणि सकाळी लवकर हे करायला घरचाच माणूस लागतो. घरातल्या एकाच्या नावावर लिहून टाका, भिंतीवर रोज तारखेपुढे खूण करायला सांगा. पाणी कमी पडलं की केसासारख्या भेगा येतात, आणि हाताने घासलं तर पीठ पडतं.

विजेचं बोर्डातलं काम, गॅसची लाइन, कॉलम-बीम किंवा भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावणं हे घरच्यांनी करायचं नाही, साध्या कारागिरालाही सांगायचं नाही. भिंत भार पेलते की नुसतीच आडोशाची आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर बघून सांगावं लागतं. ठोकून येणाऱ्या आवाजावरून ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जुन्या घरातला जुना तैलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. जुने सिमेंटचे पत्रे किंवा पाइपांभोवतीचं जुनं वेष्टण यात फुप्फुसांना घातक असलेला अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ते तोडण्याआधी तपासून घ्या.

मुलांना आणि ज्येष्ठांना काय काम द्यावं?

जागेवरचं काही नाही. मुलांना फोटो आणि सामानाची वही सांभाळायला आवडते. ज्येष्ठांना विचारायच्या गोष्टी मात्र आधी विचारा: हाताला धरायचा दांडा कुठे हवा, रात्री उठल्यावर कोणता स्विच हाताशी लागतो, उंबरा अडतो का. दांड्यासाठी आतून मजबुती करावी लागते, ती टाइल बसल्यावर करता येत नाही.

निर्णय कधीपर्यंत घ्यायला हवेत?

इथे बहुतेक घरांचं भिजत घोंगडं पडतं. वस्तू लागते शेवटी, पण तिचं माप लागतं सुरुवातीला.

कमोड कोणता हे नळकामाआधी. जमिनीतून निचरा होणाऱ्यात मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलनुसार १०० ते ३०० मिमी बदलतं. भिंतीला टांगायचा असेल तर त्याची लोखंडी चौकट प्लास्टरआधी बसते. सिंक आणि शेगडी ओट्याचा दगड कापण्याआधी घरात हव्यात. माहितीपत्रकातल्या मापावर कापू देऊ नका, खुद्द वस्तू किंवा तिच्यासोबत आलेला कागदी साचा ठेवून कापा. कोणकोणती उपकरणं कुठे लागणार, याची यादी इलेक्ट्रिशियनला खाचा पाडायच्या आधी द्यावी. पलंग आणि टेबलांची जागा जमिनीवर खडूने आखून दाखवली तर प्लग पलंगामागे अडकत नाहीत.

आधी फोडकाम, मग भिंतीतले पाइप आणि वायर, मग प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सुतारकाम, रंग, आणि शेवटी नळ, दिवे, स्विच. रंगाचा शेवटचा हात सगळ्यांत शेवटी ठेवा, कारण दिवे बसवताना डाग पडतातच. नव्या प्लास्टरवर रंगासाठी २८ दिवस थांबावं. घाई केली तर आतली ओल आणि सिमेंटमधला क्षार (अल्कली) रंगाला फोड आणतात, आणि दोष रंगाऱ्यावर येतो.

तपासणी कुणी आणि कशी करायची?

घरातल्या एकाच्या नावावर. त्याला तांत्रिक शिक्षण नको, पण कॅमेरा, टेप, पाणसळ, एक बादली आणि एक नाणं हवं.

प्लास्टर होण्याआधी: प्रत्येक भिंतीचा फोटो, पाइप आणि वायरशेजारी टेप उघडून धरलेला. जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर, हे वाचता आलं पाहिजे. पुढे खिळा ठोकताना हाच नकाशा. पाइपांची दाब चाचणी याच वेळी करायची. वापरातल्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा ठरलेल्या वेळात खाली येत नाही, हे स्वतः बघा. चिकटवलेले सांधे पूर्ण वाळल्याशिवाय ही चाचणी करू देऊ नका.

वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल्सआधी: निचऱ्याचं तोंड बंद करून २५ ते ५० मिमी पाणी ४८ तास साठवा. पातळीला पेन्सिलची रेघ मारा. बाष्पीभवनाने काही मिलिमीटर उतरेल, ते चालतं. खालच्या छताला आणि बाहेरच्या भिंतीला ओल येते का ते बघा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवणं हेही एक काम आहे, तेही कुणाच्या तरी नावावर टाका.

टाइल्स बसल्यावर: बादलीभर पाणी दूरच्या कोपऱ्यात ओता. डबकं राहता कामा नये. उतार मीटरला १० ते १२ मिमी असावा. मग नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर खाली अ‍ॅडेसिव्ह पोचलेलं नाही. कोपऱ्यांवर विशेष ठोका, तिथेच फुटतात. सांधे भरण्याआधी तपासा, नंतर बदलणं दुप्पट काम.

वीज सुरू झाल्यावर: आरसीसीबीचं (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) चाचणीचं बटण दाबून बघा, पुरवठा ताबडतोब तुटला पाहिजे. प्रत्येक प्लगला अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तुमच्यासमोर मोजून घ्या.

मधेच काम बदललं किंवा वाढलं तर?

वाढणारच. एकूण अंदाजाच्या १० ते १५ टक्के बाजूला ठेवलेले असावेत, जुनं घर असेल तर वरची मर्यादा धरा. पण बदल तोंडी कधीच नको. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. एका ओळीचा संदेश पुरतो: काय बदललं, किती पैसे वाढले, किती दिवस वाढले. कंत्राटदाराने ‘ठीक आहे’ असं उत्तर पाठवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. तिसरा मुद्दा, दिवसांचा, सगळे विसरतात.

पैसे कुणी आणि कधी द्यायचे?

निर्णय सांगणारा आणि पैसे देणारा एकच असेल तर बरं. वेगळे असतील तर तपासणाऱ्याचा होकार आल्यावरच हप्ता द्यायचा. हप्ते तारखेला नव्हे, टप्प्याला बांधा: फोडकाम संपून राडारोडा गेला, दाब चाचणी झाली, पाणी साठवून बघितलं, टाइल्स तपासल्या. शेवटचे ५ ते १० टक्के त्रुटींची यादी पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा.

ओळखीचा किंवा नात्यातला कारागीर घ्यावा का?

घ्या, पण लिखापढी त्याच्याशी दुप्पट करा. अनोळखी माणसाला ‘हे तिरकं झालंय’ म्हणता येतं, मेहुण्याला म्हणता येत नाही. तपासणारा म्हणून घरातल्या अशा माणसाला नेमा ज्याला त्याची भीड नाही.

आम्ही सगळे दिवसा बाहेर असतो. लक्ष कोण ठेवणार?

दिवसभर बसून राहायची गरज नसते. सकाळी काम सुरू होताना दहा मिनिटं आणि संध्याकाळी आवरताना दहा मिनिटं पुरतात. संध्याकाळी तीनच प्रश्न: आज काय झालं, उद्या कोण येणार, उद्यासाठी काय सामान लागेल? दोन दिवस मात्र कुणीतरी रजा घ्यावी: दाब चाचणीचा आणि टाइलची पहिली ओळ बसते तो. पहिल्या ओळीवर पुढच्या सगळ्या ओळी जातात. ती रेषेबाहेर गेली तर शेवटी दाराशी पाचर मारल्यासारखा तुकडा येतो.

ओल आली, टाइल निघाली, तर चूक कुणाची हे कसं ठरवायचं?

आधी पाणी कुठलं ते शोधा. सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर दाबाखालचा पाइप गळतो, म्हणजे नळकाम. मीटर स्थिर पण आंघोळीनंतर ओल वाढते, तर निचऱ्याचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग. फक्त पावसात वाढते तर बाहेरची भिंत, तिथे आतल्या कुणालाच दोष देऊ नका. टाइल निघाली तर तिची मागची बाजू बघा. पाठ स्वच्छ असेल तर अ‍ॅडेसिव्ह वाळून गेल्यावर टाइल बसवली. पाठीला अ‍ॅडेसिव्ह आणि त्याला प्लास्टरचा थर चिकटून आला, तर प्लास्टरच कच्चं होतं, आणि मग पाणी कुणी मारायचं होतं ती वही काढा.

काम संपल्यावर कारागिरांकडून काय मागून घ्यायचं?

उरलेल्या टाइल्स, प्रत्येक प्रकारच्या निदान चार-पाच. रंगाच्या डब्यांवरची छटेचे क्रमांक असलेली लेबलं. नळ आणि उपकरणांची हमीपत्रं, खरेदीच्या तारखेसह. बोर्डातल्या प्रत्येक एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) खोलीचं नाव. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोणत्या दिशेने बंद होतो, हे प्लंबरकडून घरातल्या प्रत्येकाने बघून, हाताने एकदा फिरवून घ्यायचं.

त्रुटींची यादी दिवसाच्या उजेडात करा, आणि संध्याकाळी दिवे लावून पुन्हा एकदा. भिंतीवरून तिरका जाणारा प्रकाश पुट्टीचे उंचवटे लपू देत नाही.